पट्टी काळी चार

बाहेरून आलेली मिडी फाइल कॉम्प्युटरवर उघडली की ती बहुतेक वेळा एकच थाप मारते. लय एकशेवीस, पट्टी पांढरी एक. गाणं अंगाई असो नाहीतर लावणी, गाणारी बाई असो नाहीतर बाप्या, उत्तर ठरलेलं. फाइल बनवणाऱ्यानं ती माहिती भरलेलीच नसते, आणि रिकामी जागा दिसली की कॉम्प्युटर आपल्या मनानं काहीतरी ठोकून देतो. आमच्या सोलापुरातल्या भवानी पेठेत पत्ता विचारला तर माहीत नसतानाही छातीठोकपणे हात दाखवणारे लोक आहेत, त्यातलाच हा प्रकार.

ही थाप दुरुस्त करणं हा माझा सध्याचा धंदा. लोकांना वाटतं मिडी म्हणजे गाणंच. तसं नाही. त्यात आवाज नसतो. कोणता स्वर कधी दाबला, किती जोरात दाबला आणि कधी सोडला, एवढंच त्यात असतं. वाजवणाऱ्याची फक्त बोटं उरतात म्हणा. त्या बोटांवरून गाण्याची खरी लय ओळखायची, सम कुठं पडते ते शोधून तिथं रेघ मारायची, गाणाऱ्याच्या गळ्याप्रमाणे पट्टी, म्हणजे पेटीच्या कुठल्या काळ्या-पांढऱ्या सुरावर सा धरायचा ते, लावायची आणि ट्रॅक बनवून द्यायचा. गिऱ्हाईक येतं, खुर्चीवर बसायच्या आधीच म्हणतं, “जरा पट्टी ॲडजस्ट करून द्या की, दोन मिनिटाचं काम आहे.” दोन मिनिटाचं आहे तर घरी कर की बाबा. पण असं म्हणता येत नाही.

त्याआधी मी पुष्कळ वर्षं ऑर्केस्ट्रात ऑक्टोपॅड, म्हणजे काठ्यांनी ठोकून ताल धरायचं इलेक्ट्रॉनिक वाद्य, वाजवायचो. आमचा ऑर्केस्ट्रा छोटा. कीबोर्डवर चाचा, ऑक्टोपॅडवर मी, येणारे-जाणारे एकदोन गायक, आणि कायमच्या गायिका म्हणजे ताई. गणपती, नवरात्र, हळदी, साखर कारखान्याचा गळीत हंगाम, कुठंही बोलावलं की आम्ही हजर. पुढं लोक लॅपटॉपवर ट्रॅक लावून गायला लागले, वाजवणारे घरी बसले. मी घरी बसलो तो कॉम्प्युटरपुढेच बसलो. चाचा मात्र कीबोर्ड सोडायला तयार नव्हते आणि ताई चाचांना सोडायला तयार नव्हती. त्यामुळे वर्षाकाठी जे काही चारदोन कार्यक्रम मिळत, त्यांत आम्ही तिघंच उरलो होतो.

ताईचं माहेर वेळापूरचं. लहानपणी तिथल्या देवळात गायची, लग्न होऊन सोलापुरात आली आणि कोणाच्या तरी ओळखीनं स्टेजवर उभी राहिली. अंगानं किरकोळ, पण आवाज असा की माइक बंद पडला तरी शेवटच्या रांगेतला माणूस चहा खाली ठेवायचा. नवरा लवकर गेला. मुलगा पुण्याला, त्याचं त्याला पुरे झालं होतं. ताईकडे स्वतःचं म्हणावं असं गाणं होतं आणि त्या गाण्याचा ताठा होता. ताठा हा शब्द मी वाईट अर्थानं वापरत नाही, तिला तो शोभायचा.

कार्यक्रमाचं पहिलं गाणं सुरू करायच्या आधी ती माइकवरूनच, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायची, “चाचा, काळी चार.” चाचा हात वर करून कीबोर्डचं बटण दाबायचे आणि सा द्यायचे. गाण्यातलं कळणारा एखादा पुढच्या रांगेत असला की तो शेजाऱ्याला कोपरानं ढोसायचा. बाईमाणसाच्या गळ्याला काळी चार म्हणजे वरची पट्टी. वयाबरोबर गळा खाली येतो, हे सगळ्यांचंच होतं. ताईच्या बरोबरीच्या बायका केव्हाच चार-पाच पायऱ्या खाली आल्या होत्या. ताई तेवढी होती तिथंच होती.

त्यावर तिचा एक कडक नियम होता. “पट्टी खाली आली की बाईनं घरी बसावं. लोकांनी कीव करायच्या आत.” आमच्यातच गाणाऱ्या एका बाईनं एकदा तालमीला जरा खालून सुरू करायला सांगितलं, तेव्हा ताई तिच्या तोंडावर हे बोलली होती. ती बाई पुढं गायची बंद झाली. चाचा त्या वेळी कीबोर्डच्या वायरी गुंडाळत होते. त्यांनी मान हलवली, हो म्हटलं की नाही म्हटलं ते कळलं नाही.

चाचांचं शिलाई मशीन आणि स्टोव्ह दुरुस्तीचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक शटर आणि आत एक माणूस मावेल एवढी जागा. पेठेतल्या निम्म्या घरांतली मशीनं त्यांच्या हाताखालून गेलेली. पंखा, मिक्सर, लहान मुलांची वाजणारी बाहुली, काहीही आणा, चाचा दोन दिवसांत चालू करून देणार. फक्त एक वस्तू त्यांच्याकडून दुरुस्त झाली नाही. ताईची पेटी. भात्यातून हवा जाते म्हणून तिनं ती दुकानात दिली होती, आणि ती तिथंच राहिली. ताई विचारायची, चाचांचं उत्तर तयार असायचं. “ताई, चमडा मिळंना. पुण्याहून मंगवाया है. सबर करो.” पुढं पुढं हा आमचा ठरलेला विनोद झाला. कार्यक्रमाला उशीर झाला की मी म्हणायचो, “येतील, ताईच्या पेटीचा चमडा आणायला गेलेत.” ताई म्हणायची, “माझी पेटी माझ्या मयताला तरी वाजवा म्हनावं.” चाचा हसायचे.

चाचांवर माझा एक राग होता. त्यांची लय पक्की होती, पण अंतऱ्याच्या शेवटी, जिथं ताई वरचा सूर लांब धरून ठेवायची, तिथं ते एक मात्रा खायचे. चारच्या जागी तीनच मोजून पुढच्या ओळीवर उडी मारायचे. मला मान हलवून खूण करायचे, मीही त्यांच्याबरोबर उडी मारायचो. लोकांना कळायचं नाही, पण माझ्या जिवाला ते लागायचं. तालाच्या माणसाला मात्रा गेलेली कळते, जेवताना खडा लागावा तशी. एकदा चिडून म्हटलं, “चाचा, तुम्ही मात्रा खाता.” ते म्हणाले, “भूक लगती रे मेरेकू.”

मागच्या वर्षी चाचा गेले. त्यांचं हृदय बरेच दिवस कुरकुरत होतं. शेवटच्या काही महिन्यांत कीबोर्ड उचलून स्टेजवर नेणं त्यांना जमत नव्हतं. दुपारी गिऱ्हाईक नसलं की दुकानातच हेडफोन लावून वाजवत बसायचे, एवढं मला माहीत होतं. ताईची सगळी गाणी ते एकेक करून रेकॉर्ड करत होते, हे मला ते गेल्यावर कळलं. त्यांच्या मुलानं पेन ड्राइव्ह आणून दिला. “काका, अब्बा बोलले होते तुम्हाला द्यायचं. ताईच्या ट्रॅकसाठी.” मुलगा ट्रान्सपोर्टच्या लाइनला आहे, गाण्याशी त्याचा संबंध नाही. त्यानं पेन ड्राइव्ह हातात ठेवला, पाणीसुद्धा न पिता गेला.

मी फाइली उघडल्या. लय एकशेवीस, पट्टी पांढरी एक. प्रत्येक फाइल.

पट्टीचं मला आश्चर्य वाटलं नाही. चाचा स्वतःच्या हिमतीवर शिकलेले. ते नेहमी पांढरी एकच्या बोटांनीच वाजवायचे आणि दुसरी पट्टी हवी असली की ट्रान्सपोजचं बटण दाबायचे. बोटं तीच, आवाज वर-खाली. त्यांचा कीबोर्ड जुना होता, बटण कितीवर होतं ते तो फाइलमध्ये लिहीत नव्हता. म्हणजे बोटं आली, पट्टी आली नाही. लयीचंही तेच. त्यांनी कुठलाही ठोका न लावता मोकळं वाजवलं होतं, त्यामुळे कॉम्प्युटरच्या रेघा एकीकडं आणि चाचांची सम दुसरीकडं पडत होती.

ते काम करताना फार वाईट वाटलं, हे सांगायला लाज नाही. फाइल लावायची, टेबलावर बोटानं ठेका धरायचा आणि एकेका समेवर खूण करायची. माणूस शेजारी बसून वाजवतोय असं वाटायचं. कुठं कडवं संपल्यावर ते किंचित रेंगाळायचे, ते माझं पाठ होतं. खाली गल्लीत एक-दोन माग अजून चालतात, त्यांचा खटका ऐकू यायचा, आणि मी खिडकी लावून घ्यायचो. चाचांच्या लयीत दुसरं काही मिसळायला नको वाटायचं.

आणि अंतऱ्याच्या शेवटी ती खाल्लेली मात्रा. प्रत्येक गाण्यात. न चुकता.

आता मात्र चाचा खूण करायला नव्हते. मी प्रत्येक ठिकाणी ती मात्रा परत घातली. स्वर सरकवले, रेघा जुळवल्या, सगळं चोख केलं. इतक्या वर्षांचा खडा काढल्याचं समाधान झालं. चाचांच्या माघारी त्यांचं काम निर्दोष करून ठेवतोय असंही वाटलं. मग ताईला फोन केला, पट्टी विचारली. ती फोनवरच खेकसली, “मला ईचारतो व्हय रं? काळी चार. आजवर दुसरी होती का कवा?”

शहरातल्या ज्येष्ठ नागरिकांच्या एका मंडळानं स्नेहमेळाव्यात ताईचं गाणं ठेवलं होतं. चाचांनंतरचा पहिलाच कार्यक्रम. ताईनं सांगून टाकलं होतं की गाईन तर चाचांच्या हातावर, बाजारातल्या ट्रॅकवर नाही. ते जमलं नाही तर कार्यक्रम नको आणि पुढं गाणंही नको. तिला नळाला पाणी येण्याचा दिवस सोडून यायचं होतं, कारण पाणी चार-पाच दिवसांनी येतं आणि भरायला घरात दुसरं कोणी नाही. तसा दिवस बघून ती तालमीला माझ्या खोलीवर आली. येताना शेंगाची चटणी आणि कडक भाकरी घेऊन आली. चाचांना आवडायची म्हणून तालमीला ती नेहमी आणायची, सवयीनं आताही आणली होती.

ट्रॅक लावला. चाचांची बोटं वाजायला लागली तसा ताईनं पदर तोंडाला लावला. मी ट्रॅक थांबवला. मग तिनं मान हलवली, मी पुन्हा सुरुवातीपासून लावलं आणि ती गायला लागली.

मुखडा कसाबसा पार पडला. अंतऱ्याला वर जाताना आवाज फाटला. ताईचा आवाज फाटलेला मी कधी ऐकला नव्हता. ती थांबली, खाकरली, पाणी प्याली. पुन्हा लावलं. पुन्हा तिथंच. या वेळी वरच्या सुरापर्यंत कशीतरी पोचली, पण मी घातलेली मात्रा येईपर्यंत दम पुरला नाही, सूर मध्येच तुटला. दुसरं गाणं लावलं, तिसरं लावलं. तेच.

“यंत्र खोटं हाय तुझं,” ती म्हणाली.

मी मोबाइलवर तानपुरा लावून बघितला. काळी चार अगदी बरोबर होती. केसाचाही फरक नव्हता.

“चाचा असं वाजवत न्हवते. हे लई वर लावलंस तू.”

“ताई, काळी चारच आहे.”

“मग मी खोटी व्हय?”

मी तानपुरा बंद केला. तिनं चटणीचा डबा तसाच ठेवला, चपला घातल्या आणि जिन्यावरून उतरून गेली. दोन पायऱ्या उतरून थांबली होती. मला वाटलं परत येईल, पण आली नाही.

ती गेल्यावर मी चाचांबरोबरच्या शेवटच्या कार्यक्रमाचा व्हिडिओ शोधला. प्रेक्षकांतल्या कोणीतरी मोबाइलवर काढून पाठवला होता. त्यात ताई माइकवरून म्हणते, “चाचा, काळी चार.” चाचा हात वर करतात, बटण दाबतात, सा देतात. मी व्हिडिओच्या आवाजाला तानपुरा लावत गेलो. काळी चारवर जुळेना. पांढरी पाचवर नाही. काळी तीनवर नाही. एकेक पायरी उतरत शेवटी काळी दोनवर आला तेव्हा तो जुळला.

त्याच्या तीन-चार वर्षं आधीचा एक व्हिडिओ सापडला, तो अर्धा स्वर वर होता. त्याच्याही आधीचा आणखी अर्धा. चाचा वर्षानुवर्षं तिला हळूहळू, कळणार नाही अशा बेतानं खाली आणत होते. दरवेळी हात वर करून, सगळ्यांच्या देखत. आणि ती मात्रा त्यांना भुकेमुळे लागत नव्हती. ताईचा दम संपायच्या आत ते तिला पुढच्या ओळीवर घेऊन जात होते. इतकी वर्षं मी त्यांच्या हाताएवढ्या अंतरावर बसलो होतो. ऑक्टोपॅडला पट्टी नसते, कुठलीही लावा, मला सारखंच. पण मात्रेचं तरी मला कळायला हवं होतं. ताल म्हणजे आपलीच मक्तेदारी असा माझा समज होता.

मला चाचांचा राग आला. सांगून मोकळं व्हायचं की. एवढं मोठं ओझं असं पेन ड्राइव्हमध्ये घालून पाठवायचं आणि वर काही सांगायचं नाही. मग लक्षात आलं, कुणाला सांगणार? ताईला सांगितलं असतं तर तिचाच नियम तिला लागू झाला असता. दुसऱ्या दिवशी ती घरी बसली असती. आणि घरात काय होतं? पाणी भरायचं आणि मुलाच्या फोनची वाट बघायची.

मी फाइली परत उघडल्या. घातलेल्या मात्रा एकेक करून काढून टाकल्या. चाचांनी जिथं उडी मारली होती तिथं उडी राहू दिली. पट्टी काळी दोन केली. फाइलच्या नावात मात्र ‘काळी चार’ ठेवलं. खोट्या फाइली खऱ्या करायचा माझा धंदा, आणि त्या दिवशी मी एक चोख खोटी फाइल बनवली.

ताईला फोन करून सांगितलं, चूक माझीच होती, कॉम्प्युटरमधलं एक बटण उलटं पडलं होतं. ती आली. गायली. पहिल्याच अंतऱ्याला वरचा सूर न फाटता सरळ लागला. चाचांनी उडी मारली, ती त्यांच्याबरोबर गेली. दोघांच्यात बोलणं झाल्यासारखं ते झालं.

“आता कसं!” ती म्हणाली. “ठोकणाऱ्याच्या हातात पट्टी दिली की असंच व्हायचं. शीक जरा.”

“शिकतो,” मी म्हटलं.

स्नेहमेळावा मंगल कार्यालयात होता. निम्म्या खुर्च्या रिकाम्या. जेवणं आधी झाल्यामुळे काही जण बसल्या बसल्या पेंगत होते. ताई चाचांच्या आवडीची हिरव्या काठाची साडी नेसून आली होती. माइक हातात घेऊन सवयीनं उजवीकडं वळली आणि म्हणाली, “चाचा, काळी चार.” तिथं चाचा नव्हते, मी आणि लॅपटॉप होतो. तिच्या लक्षात आलं, तोंड कसनुसं झालं. मी हात वर केला आणि बटण दाबलं.

छान गायली. पेंगणारे जागे झाले. एक आजोबा काठी टेकत पुढं येऊन म्हणाले, “या वयात काळी चार, कमाल आहे बाई.” ताईनं माझ्याकडं बघितलं, बघितलंस का, अशा ऐटीत. मी वायरी गुंडाळायला घेतल्या. पट्टीचा विषय निघाला की चाचा वायरी का गुंडाळायचे, ते मला तेव्हा समजलं.

इथं हे संपलं असतं तर बरं झालं असतं.

काही आठवड्यांनी चाचांच्या मुलाचा फोन आला. दुकानाचा गाळा रिकामा करत होता. “काका, ताईची पेटी होती दुकानात. घरी देऊन आलो आताच. मस्त कंडिशनमध्ये आहे. अब्बा तिला चादरीत गुंडाळून वर ठेवायचे, अधूनमधून काढून भाता-बिता साफ करायचे. नवा चमडा तर मी लहान होतो तेव्हाच घातलाय त्यांनी.”

गावातली सगळी बिघडलेली यंत्रं चालू करणाऱ्या माणसाला एक पेटी का दुरुस्त होत नव्हती, यावर आम्ही किती हसलो होतो. घरात पेटी असती तर ताईनं पहाटे उठून काळी चारवर बोट ठेवलं असतं, आणि सगळं उघडं पडलं असतं. पेटीला ट्रान्सपोज नसतं. काळी चार म्हणजे काळी चारच.

मी गाडी काढली. काय सांगायचं हे वाटेत ठरवत होतो. पेटीचे सूर इतक्या वर्षांत चढलेत, असं सांगू. पडून राहिलेल्या पेटीचं होतं असं कधीकधी, म्हणू. पुन्हा ट्यून करून आणतो म्हणून उचलूनच न्यावी. काहीही करून ती ताईच्या घरातून बाहेर काढायची होती.

जिन्यातच पेटी ऐकू आली. मी मधल्या वळणावर थांबलो. ताई काळी चार धरून होती. आकार लावला, वर गेली, फाटला. भाता थांबला. मग पांढरी पाच. पुन्हा वर गेली, पुन्हा थांबली. काळी तीन. पांढरी चार. एकेक पट्टी खाली येत होती आणि प्रत्येक ठिकाणी आवाज थोडा मोकळा होत होता. मला पुढं जाववेना आणि मागंही फिरवेना. पांढरी तीन. मग काळी दोन. तिथं तिचा आवाज सरळ वर चढला आणि शेवटचा सूर पूर्ण लागला. चाचा जिथं उडी मारायचे त्याच्या जरा आधीच तिनं तो सोडून दिला.

मग काही ऐकू आलं नाही. शेजारच्या घरातून कोणीतरी तेलुगूत मुलाला हाका मारत होतं. शेवटी वर गेलो आणि दार वाजवलं.

दार उघडलं तेव्हा ताईचे डोळे लाल होते. पेटी चटईवर होती, चाचांची सोलापुरी चादर तिच्या शेजारी नीट घडी घालून ठेवलेली. मी पाठ केलेलं सगळं विसरलो. “ताई, ती पेटी...” एवढंच तोंडातून निघालं.

“बस,” ती म्हणाली. आत जाऊन चहा टाकला. कप माझ्या हातात देऊन ती पेटीपाशी बसली. भात्याची खिट्टी लावली, झाकण बंद केलं आणि चादर उलगडून पेटी परत गुंडाळायला लागली.

“चाचांच्या पोराला काय कळतंय,” ती खाली बघतच म्हणाली. “बिघडलेली पेटी तशीच आनून दिली. एक सूर धड न्हाय हिचा.”

मी कप खाली ठेवला.

“तू घिऊन जा. तुझ्याकडं हाय न्हवं समदी हत्यारं? दुरुस्त कर.” तिनं चादरीची गाठ मारली, ती सैल वाटली म्हणून सोडून पुन्हा आवळली. “घाई करू नगंस. चाचांनी बी कुटं केली.”

“बरं,” मी म्हटलं.

पेटी उचलून मी दारापर्यंत आलो तेव्हा तिनं मागून विचारलं, “आपली काळी चारच हाय न्हवं रं?”

एवढ्या वर्षांत तिनं हे कधी विचारलं नव्हतं. ती नेहमी सांगायची. मला तिच्या तोंडाकडं बघायचं धाडस झालं नाही.

“व्हय ताई. काळी चारच.”

ती पेटी आता माझ्या टेबलाखाली आहे. ताई कार्यक्रमाला येते, माइकवरून पट्टी सांगते, मी हात वर करतो. पण ती आता माझ्याकडं वळून बघत नाही, समोर बघत सांगते. त्या बाईला, जिला तिनं घरी बसवलं होतं, ताईनं मध्यंतरी फोन केल्याचं कानावर आलं. काय बोलणं झालं ते मी विचारलं नाही.

परवा एक ट्रॅक आणखी अर्धा स्वर खाली घेतला. नावात काळी चार लिहिलं. काम झाल्यावर पेटी बाहेर काढून चादर सोडली आणि चार वेळा भाता हलवला, कारण नुसती पडून राहिली तर ती खरंच बिघडेल. सूर एकही दाबला नाही. मग पुन्हा गुंडाळून ठेवली.